पाळण्यातला पासंग

"पोतं कायले शोधून राह्यला? हिले बसव तिकडच्या पाळन्यात. वजन म्हनून."

देशमुखानं काठी माझ्याकडे केली होती. तोंडाकडे नाही, पोटाकडे. बाजारात बैल दाखवतात तशी. पाळणेवाला मला वरपासून खालपर्यंत बघायला लागला. मी किती भरेन याचा अंदाज घेत होता.

एकटीनं भागणार नाही, असं तो म्हणाला. देशमुख म्हणाला, मग त्या बुढीलेही बसव. बुढी म्हणजे माझी सासू. ती माझ्या मागं उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून.

माझी थोरली कौतिका. आठ वर्षांची. तिला वाटलं, आता आपणही बसायचं. ती पळत आली आणि पाळण्याच्या फळीवर तिनं पाय ठेवला. देशमुखाची काठी आडवी आली.

"तू कुठं? तुहं काय वजन हाय?"

लोक हसले. मग तो पाळणेवाल्याला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्हारं हायेत. मांगून पाळना धुवून घेजो."

मी पाळण्यात बसले. हे आधीच सांगून टाकते. बसले. नाही म्हणाले नाही.

आमचं गाव कारंजापासून तीन कोसांवर. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. कापूस वेचून झाला होता. आमच्या म्हारवाड्यात बांगड्या घेऊन एक मनियारीण यायची. तिनं सांगितलं की कारंजाला नुमाईश लागली आहे. कापसाच्या जिनाच्या मागच्या मोकळ्या रानात. आठ पाळण्यांचा रहाटपाळणा, देवळाच्या कळसाएवढा. गोल फिरणारे लाकडी घोडे. एका तंबूत आरसे आहेत, त्यात माणूस लांब दिसतो, आखूड दिसतो. लाकडाच्या विहिरीत एक माणूस फटफटी चालवतो आणि पडत नाही.

मी तिला एकच विचारलं. तिथं आमाले घेतात का?

ती म्हणाली, तिकीट काढलं का झालं. तिथं कोन कोनाले वळखते?

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कोन कोनाले वळखते. पाळण्याचं नवल नव्हतं एवढं. आमच्या गावात माणूस जन्मायच्या आधी त्याची जात सगळ्यांना ठाऊक. कुठून चालायचं, कुठं थांबायचं, सावली कुठं पाडायची नाही, सगळं ठरलेलं. आणि तीन कोसांवर अशी एक जागा होती जिथं एक दिवसभर आम्ही नुसती माणसं असणार होतो. नवरा, बायको, म्हातारी, दोन पोरी. बस.

पंधरा दिवस मी त्याच विचारात होते. पोरींचा बाप देशमुखाकडं सालदार होता, म्हणजे वर्षभराचा बांधलेला गडी. त्याला सुट्टी नसते. तो म्हणाला, माय मेली म्हणून सांगू का काय? मी म्हटलं, खरं सांग. नुमाईश पाहाले जातो म्हण. सासू आधी चिडली. मग तिचीच तयारी माझ्यापेक्षा जास्त झाली. ती म्हणाली, पाणी आपलं न्यायचं, तिथं विहिरीवर कोणी विचारलं तर सगळा दिवस नासेल. दोन मडकी तिनं बाजूला काढून ठेवली. जवसाची चटणी कुटली. कौतिका रोज धाकट्या ठकूला समजावून सांगायची, वर गेल्यावर डोळे मिटायचे नाहीत, मिटले तर पैसे वाया.

माझं एक लुगडं चांगलं होतं, लग्नातलं. ते गावातून नेसून जायचं नाही असं मी ठरवलं. म्हारणीच्या अंगावर धड लुगडं दिसलं की गावात विचारणा होते. गाठोड्यात घालायचं. नाला ओलांडला की आडोशाला नेसायचं. पोरींचे केस तिथंच विंचरायचे. तिथून पुढं आम्हाला कोणी ओळखणार नाही.

पोरींचा बाप सुट्टी मागायला गेला आणि हसत आला. देशमुख म्हणाला होता, जा की. आमीही जाऊन राह्यलो त्या दिवशी. संगंच चाला.

तो खूश होता. मालकानं बरोबर नेतो म्हटलं, शिव्या दिल्या नाहीत. मला मात्र कळलं, आता तिथं आम्हाला ओळखणारा माणूस असणार. पोरी उड्या मारत होत्या.

आम्ही देशमुखाच्या दमणीमागून चालत गेलो. दमणीत देशमुख, देशमुखीणबाई, त्यांची सून, दोन नातवंडं. नाला आला. गाडी थांबली नाही, म्हणून मीही थांबले नाही. लुगडं गाठोड्यातच राहिलं. दमणीच्या चाकांची सगळी धूळ आमच्या तोंडावर. कारंजाच्या वेशीत शिरलो तेव्हा ठकू माझ्या कडेवर झोपली होती आणि सासूचा पाय फुटून रक्त येत होतं.

नुमाईशच्या तोंडाशी एक कडुनिंब होता. देशमुखानं तिथं गाडी सोडली. पोरींच्या बापाला म्हणाला, बैलांपाशी राह्य. मला म्हणाला, डबे आणि अंथरुण राख. आणि आपल्या माणसांना घेऊन आत गेला.

आम्ही झाडाखाली बसलो. आतून बाजा ऐकू येत होता. रहाटपाळण्याचं वरचं टोक दिसत होतं, वर येणारी माणसं दिसत होती. खाली गेली की दिसत नव्हती. सकाळची दुपार झाली. देशमुखाची माणसं जेवायला आली. जेवून पुन्हा आत गेली. आमच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. सासूनं मडक्यातलं पाणी दिलं. जवळून जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, कोणाची माणसं तुम्ही? सासूनं देशमुखाचं नाव सांगितलं. बाई जात ओळखून लगेच चार पावलं लांबून गेली. आम्हाला न ओळखणारी जागा आमच्यापासून पन्नास पावलांवर होती.

कौतिकानं मला एकदाच विचारलं. "माय, आपन कवा जायाचं?"

मी म्हटलं, जाऊ. मालक आले का जाऊ.

दिवस कलायला लागला तेव्हा देशमुखाचा दुसरा गडी धावत आला. बाईसाहेब पाळण्यात बसून राह्यल्या, चपला राखाले चाल म्हणाला. मी गेले. सासू आणि पोरी माझ्यामागं आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांना पाळणा जवळून बघायचा होता.

देशमुखानं अख्खा रहाटपाळणा आपल्यासाठी ठरवला होता. बसलेल्या लोकांना उतरवलं होतं. त्याच्या घरच्या बायका परक्यांबरोबर फिरणार नव्हत्या. पण रहाटपाळणा एका बाजूनं भरून चालत नाही. समोर तेवढंच वजन लागतं, नाहीतर फिरवणाऱ्यांच्या हातात तो राहत नाही. त्यासाठी पाळणेवाला वाळूची पोती ठेवायचा. त्या दिवशी पोतं फाटून वाळू सांडली होती. तो दुसरं पोतं शोधत होता. तेवढ्यात मी चपलांपाशी जाऊन उभी राहिले. आणि देशमुखाची काठी माझ्याकडे वळली.

तर मी बसले. सासू समोर बसली, माझं मनगट घट्ट धरून, डोळे मिटून. माणसांनी रहाट ढकलला. आम्ही वर गेलो.

खोटं सांगत नाही, पहिल्या फेऱ्याला मला बरं वाटलं. वारा लागला. देवळांची शिखरं दिसली, जिनाचं धुराडं दिसलं, पलीकडं आम्ही आलो तो रस्ता दिसला. वजन म्हणून बसवलंय हे मी तेवढ्यापुरतं विसरले. त्याची लाज मला अजून वाटते. काठीनं दाखवलेल्या जागी बसून मला बरं वाटलं.

मग पाळणा थांबला. देशमुखाची माणसं खाली होती, म्हणून आम्ही वर टांगलेल्या. खाली नातवंडं अजून फेरे मागत होती आणि देशमुख हसत होता. मी वाकून खाली बघितलं.

कौतिका चपलांपाशी उभी होती. माझ्या जागेवर. हात जोडलेले. मान खाली. पाय एकमेकांना चिकटवलेले, सावली कोणावर पडू नये म्हणून अंग चोरलेलं. तिच्याकडे बघून ठकूनंही हात जोडले होते. पाच वर्षांची पोर. सकाळपासून ती पाळण्यासाठी जीव टाकत होती आणि आता तिनं वर बघणंसुद्धा सोडलं होतं.

हे तिला कोणी शिकवलं? देशमुखानं नाही. मी शिकवलं. मी रोज त्याच्या अंगणात अशीच उभी राहत होते आणि ती बघत होती.

मला रडू आलं नाही.

पाळणा पुन्हा फिरला. आमचा पाळणा खाली आला तसं मी रहाट धरणाऱ्याला म्हटलं, थांबव. कोणीही थांबव म्हटलं की थांबवायची त्याला सवय. त्यानं खांदा लावला. मी उतरले. सासूचा हात धरला आणि तिला उतरवलं. देशमुखीणबाई, सून, नातवंडं वरच्या टोकाला होती.

देशमुखाला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "बस खाली. कोनं सांगतलं तुले उतराले?"

मी म्हटलं, "माह्या पोरी बसतीन तं मी बसतो. नाहीतं तुमचं वजन तुमी पाहा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडं बघून बोलले. त्याच्या नाकावर एक मस होता. एवढी वर्षं त्याच्याकडं राबले, तो मला त्या दिवशी दिसला.

काठी माझ्या पाठीत बसली. दुसरी उगारली तेव्हा पोरींचा बाप कुठूनसा धावत आला आणि मधे उभा राहिला. हात उचलायला नाही. हात जोडायला. मालक, चुकलं तिचं. मालक, पाया पडतो. दुसरी काठी त्यानं खांद्यावर घेतली आणि तरी हात जोडलेलेच.

वर देशमुखीणबाई ओरडत होत्या. चार माणसं रहाटाला लोंबकळून उभी होती. त्यांनी हळूहळू पाळणा खाली आणला. कोणाला काही लागलं नाही. पण तेवढा वेळ त्या घरातल्या बायका हवेत अडकल्या होत्या आणि देशमुख खाली उभा राहून काही करू शकत नव्हता. हे सगळ्या गर्दीनं पाहिलं. तेच त्याला सोसलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा पाळणेवाला आमच्या पाळण्यावर बादलीनं पाणी मारत होता. त्याचंही पोट होतं. लोक बघत होते, धुतल्याशिवाय पुढचं गिऱ्हाईक बसलं नसतं. मला हे कळतं. पण ते पाणी मी विसरले नाही.

पोरी कशातच बसल्या नाहीत. घोडे नाही, आरसे नाही, काही नाही. तीन कोस चालत परत आलो. अर्ध्या वाटेत कौतिका म्हणाली, "माय, तू तं बसली. मी नाही बसली."

मी तिचा हात धरला आणि चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी पोरींच्या बापाचं साल तुटलं. दुकानदारानं मीठ देणं बंद केलं. म्हारवाड्यातली माणसंही घरात यायला भ्यायला लागली, त्यांचंही साल त्याच दारात होतं. तिसऱ्या दिवशी त्याला चावडीवर बोलावणं आलं. पंचांचं म्हणणं, मी देशमुखाच्या उंबऱ्यापुढं, बाईसाहेबांसमोर, नाक घासायचं. मग साल परत.

पोरींचा बाप घरी येऊन बसला. मग म्हणाला, "घास. नाक काय झिजते?"

मी त्याला वाईट म्हणत नाही. पाच पोटं होती. त्याच्या खांद्यावर वळ होता, तो माझ्या वाट्याचा होता. मी त्याला काय बोलणार होते?

बोलली सासू. चुलीपाशी बसली होती. तशीच बसून बोलली.

"मी घासलं होतं. या देशमुखाच्याच बापापुढं. तू पोटात होता तवा. काय भेटलं? तूही सालदारच झाला."

त्यानं आईकडं बघितलं. ही गोष्ट त्यालाही ठाऊक नव्हती. घरात कोणालाच ठाऊक नव्हती. तिनं ती पंचवीस वर्षं गिळून ठेवली होती.

उत्तर द्यायला चावडीवर मी एकटी गेले. सगळे पंच ओट्यावर, मी खाली धुळीत. देशमुखानं विचारलं, कबूल हाय का? मी म्हटलं, "नाही. मी पाळन्यातून उतरली. मी चोरी नाही केली. नाक घासनार नाही."

मग गावात राहता येनार नाही, असं पाटील म्हणाला. मी म्हटलं, राहत नाही.

कुठं जायचं हे माहीत नव्हतं. कारंजाच्या जिनात बाया लागतात एवढं ऐकून होते. तिथंही कोण कोणाला ओळखतं हे मला आता पुरतं कळलं होतं. मनियारीण म्हणाली तसं ते नव्हतं. तिथंही विचारतील, तिथंही पाणी वेगळं ठेवतील. ते ठाऊक असूनच मी निघाले. विचारलं तर जात सांगायची, आणि सांगून सरळ उभं राहायचं, एवढं मी ठरवलं होतं.

सकाळी सामान बांधलं. मी लग्नातलं लुगडं नेसले. घरातूनच. भर गावातून आम्ही पाच जण चाललो. पोरींचा बाप सगळ्यात मागं, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं.

वाट देशमुखाच्या वाड्यावरूनच जाते. तो ओट्यावर बसून दात घासत होता. त्याच्यापुढून जाताना आमच्या माणसानं वाकून, जमिनीला हात लावून जोहार घालायचा, ही रीत. माझा सासरा घालत आला, त्याचा बाप घालत आला. देशमुखानं घासणं थांबवलं. वाट बघत राहिला.

कौतिकाची पाठ आपोआप वाकायला लागली. मी तिच्या हनुवटीखाली हात घातला आणि मान वर केली.

"पाह्य त्याच्याकडं," मी म्हटलं. "पाहून चाल."

ती चालली. मागून पोरींच्या बापाची पावलं थांबलेली ऐकू आली. मी वळले नाही. तो वाकतो का नाही हे मला बघायचं नव्हतं. तो वाकला असता तरी मी चालत राहिले असते. त्या दिवसापासून माझ्या पोटच्या कोणीही, कोणाच्याही दारासमोर, जमिनीला हात लावलेला नाही. आणि मी जिवंत आहे तोवर लावणार नाही.