गोजाबाईची चाल

सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाच्या बागा संपून उघडा माळ लागतो, तिथं गोजाबाईला ओळखत नाही असा मेंढपाळ सापडायचा नाही. पहिलटकरीण मेंढी कधीकधी आपल्याच कोकराला जवळ येऊ देत नाही. बिचकते, लाथा झाडते, डोकं मारते. असं झालं की आसपासच्या कळपांतून निरोप यायचा, "गोजाबाईला बलवा." गोजाबाई यायची, मेंढीच्या मानेखाली हात घालून मातीतच फतकल मारायची आणि गुणगुणायला लागायची. शब्द फारसे नसायचेच. घटकाभरात मेंढी मान खाली टाकायची आणि कोकरू ढुशा देत दूध ओढायला लागायचं.

"माजी बायकू मेंढरास्नी गानी म्हनती आन मला शिव्या देती," असं तिचा नवरा गुंडा चारचौघांत सांगायचा. सांगताना त्याचं हसू मिशीत मावायचं नाही.

तो गुंडा दोन वर्षांपूर्वी गेला. सकाळी मेंढरं घेऊन धडधाकट बाहेर पडलेला माणूस दुपारी लोकांनी उचलून आणला. गोजाबाई रडली नाही. बायका म्हणाल्या, "रड गं बाई, मोकळी हो." पण डोळे कोरडे ते कोरडेच. गुणगुणणंही त्या दिवसापासून थांबलं. मेंढरं दीर ज्ञानबाच्या कळपात गेली, आणि एसटीत कंडक्टर असलेला मुलगा बिरुदेव आईला सोलापुरात घेऊन आला.

सात रस्ता चौकाच्या मागं, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बिरुदेव पहाटे ड्युटीवर जायचा, सून प्रियंका नऊला. प्रियंका चौकातल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. दोघं गेली की घरात गोजाबाई आणि खालून येणारे हॉर्न. एखादा ट्रक मोठ्यानं भोंगा वाजवायचा आणि तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची. तळहात ओले, तोंडाला कोरड. मग ती भिंतीला पाठ लावून बसायची, कुणीतरी घरी येईपर्यंत.

डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. "हृदय ठणठणीत आहे. आजींचं मन रमवा," म्हणाले.

प्रियंकानं मन रमवायचं मनावर घेतलं. मोबाईलवर संथ चालीची भजनं लावून दिली. दोन दिवसांनी गोजाबाईनं मोबाईल परत केला.

"का हो आत्या? आवडलं नाही?"

"ग्वाड हाय की गं. पर माजं काळीज पळतंय, आन ह्यो बाबा बसूनशान गातुया. त्याचा आन माजा मेळच न्हाय."

प्रियंकाला हसू आलं आणि काळजीही वाटली. सासूला एकटं ठेवण्यापेक्षा बरोबर न्यावं, असं तिनं ठरवलं. लॅबच्या मालकीणबाई भल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यात एक खुर्ची दिली, आणि गोजाबाई पदर सावरून रोज सकाळी तिथं बसू लागली.

एका सोमवारी वेणीमाधव गुरुजी आले. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाजात अजून प्रार्थनेच्या रांगा सरळ करण्याची धमक. पण सुई दिसली की गुरुजींची पार शेळी होत असे. दर महिन्याला किडनीसाठी रक्त तपासायला लागायचं आणि दर महिन्याला ते खुर्चीत घामाघूम व्हायचे. मागच्या खेपेला तर चक्कर येऊन पडले होते. पत्नी अनसूयाबाई शेजारी उभ्या राहून म्हणत होत्या, "अहो, शांत व्हा. दीर्घ श्वास घ्या." गुरुजींचा श्वास मात्र भात्यासारखा चालला होता. प्रियंकाला शीर सापडेना.

गोजाबाई बघत होती. तो बिचकलेला डोळा तिच्या ओळखीचा होता. आपण उठलो कधी, हेही तिला कळलं नाही. तिनं गुरुजींचं दुसरं मनगट धरलं आणि गुणगुणायला लागली. भरभर, अगदी पळत्या श्वासाइतकं भरभर. गुरुजी चमकून तिच्याकडे बघू लागले. दोन वर्षं गप्प असलेला आवाज आधी खरखरला, मग लागला. हळूहळू चाल उतरत गेली, आणि तिच्या मागोमाग गुरुजींचा श्वासही उतरला.

"झालं," प्रियंका कापसाचा बोळा दाबत म्हणाली.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"रक्त काढून झालं, सर."

गुरुजींनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग गोजाबाईकडे. हाडाचा मास्तर, कारण समजल्याशिवाय उठणार कसा? "बाई, हे तुम्ही काय केलंत? ही सगळी मंडळी मला शांत व्हा म्हणत होती, तेव्हा मी आणखी घाबरत होतो."

गोजाबाई संकोचली. "काय न्हाय गुरुजी, मेंढराचं हाय ते. भ्यालेल्या जनावराला थांब म्हटलं तर थांबत न्हाय. आदी आपुन त्याच्यासंगं पळायचं. त्याच्या चालीनं म्हनायचं. त्याला वाटतं, ही आपल्यातलीच हाय. मंग आपुन जरा हळू व्हायचं, की त्ये बी हळू हुतं."

मेंढरू म्हटल्याचा गुरुजींना राग आला नाही. त्यांनी उलट विचारलं, "आणि तुमची स्वतःची छाती धडधडते, असं सूनबाई मागं म्हणाल्या होत्या. तेव्हा तुम्ही काय करता?"

"माज्यासंगं पळायला कोन हाय आता?" गोजाबाई एवढंच म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

गुरुजींचा प्रश्न मात्र तिला सोडेना. गुरुवारी लॅबला सुट्टी नव्हती, पण गोजाबाईचं डोकं दुखत होतं म्हणून ती घरीच राहिली. दुपारी खाली दोन गाड्या घासल्या, हॉर्न, आरडाओरडा. धडधड उसळली. ती भिंतीकडे निघाली आणि मध्येच थांबली. छातीवर हात ठेवला. ठोके मोजावेत तसं त्यांच्याच चालीनं तिनं गुणगुणायला सुरुवात केली. दम लागला, तरी सोडलं नाही. जरा वेळानं चाल आपसूक सैल झाली, आणि सैल चालीत कुठूनसे शब्द येऊन बसले:

माळाच्या माथ्याला एकली बोर उभी
धनी माजा फुडं गेला, मागं ऱ्हायले मी

दुसऱ्यांदा म्हणताना 'धनी'पाशी आवाज फुटला. दोन वर्षं अडलेलं रडू तेव्हा आलं. ती मोठ्यानं रडली, शेजारच्या दाराला ऐकू जाईल याचीही पर्वा न करता. संध्याकाळी प्रियंका आली तेव्हा सासू पाय पसरून बसली होती, डोळे सुजलेले, चेहरा धुऊन निघाल्यासारखा.

"आत्या, काय झालं?"

"काय न्हाय गं पोरी. तुज्या मामांस्नी रडून घेतलं. च्या टाक, लई भूक लागलीया."

त्यानंतर धडधड कायमची गेली असं नाही. अजूनही कधीकधी येते. पण आली की गोजाबाई आता तिच्याबरोबर चार पावलं पळते. आणि लॅबमध्ये कुणी पांढरं फटक पडलं, की प्रियंका कोपऱ्याकडे नुसतं बघते.

अनसूयाबाईंच्या भजनी मंडळात या गोष्टीची चर्चा न होती तरच नवल. एका मंगळवारी दुपारी त्यांनी गोजाबाईला घरी बोलावलं. दहा-बारा बायका, टाळ, पेटी, समोर पोह्यांच्या बशा.

"म्हणा ना गोजाबाई, आम्हाला पण ऐकू द्या," एकजण म्हणाली.

गोजाबाईनं सगळ्यांच्या हसऱ्या तोंडांकडे पाहिलं आणि ती गोंधळली. "म्हनते की. पर हितं भ्यालंय कोन?"

बायका खदखदून हसल्या. पेटी वाजवणारीचे हातही हसता हसता थांबले. हसणं ओसरलं तेव्हा चहाचा ट्रे हातात धरून दारात उभ्या असलेल्या अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, "मी. यांचे रिपोर्ट यायचे असतात ना, तेव्हा रात्रभर डोळा लागत नाही. आजही यायचे आहेत."

गोजाबाई उठली, त्यांच्या हातातला ट्रे घेऊन खाली ठेवला, त्यांना सतरंजीवर आपल्याजवळ बसवलं आणि मनगट धरून आधी त्यांचा श्वास ऐकू लागली.