पाच चाळीसची मशेरी

अँजिओग्राफीत माझ्या हृदयाच्या नळ्या साफ निघाल्या, त्या दिवशी पुण्याहून खोडदला येईपर्यंत मी एसटीत एकटीच हसत होते. वय एक्केचाळीस, रोज पहाटे छातीत कळ, घरच्यांनी घेतलेला धसका, आणि ब्लॉकेज म्हणाल तर एकही नाही. नारायणगावच्या स्टँडवर सोबत आलेल्या नवऱ्याला मी बळेबळे दोन भेळी खायला लावल्या.

तिसऱ्या पहाटेची कळ मात्र इतकी मोठी होती की बसल्या जागी माझी शुद्ध हरपली.

नारायणगावचे डॉक्टर म्हणाले, साफ नळीलाही पेटका येतो. तो मोठा आला तर ठोके बिघडून माणूस जागच्या जागी जातो. धोका किती, हे बघायला त्यांनी छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला छोटं यंत्र बांधलं. "उद्यापर्यंत काढायचं नाही. केव्हा काय केलं ते वहीत लिहा. तंबाखू?"

मी शाळेत शिकवते. दर शनिवारी मुलांकडून तंबाखूविरोधी शपथ म्हणून घेते. मला रागच आला. "कधीच नाही," मी ठणकावलं.

आमच्या खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या मोठ्या दुर्बिणीचं केंद्र आहे. गावात शिरले तर शेजारीण म्हणाली, "बाई, दुर्बिणीवाल्यांनी तुमालाबी वायरी जोडल्या व्हय?" वहीत नोंद केली: सव्वाचार, खूप हसले.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी आलेख आणि वही शेजारी शेजारी ठेवली. आलेख पाच पन्नासला उसळला होता. वहीत माझ्या सुरेख अक्षरात होतं: पाच चाळीस, सासूबाईंसोबत मशेरी लावली. पाच पन्नास, कळ.

"तंबाखू कधीच नाही म्हणालात."

"नाहीच. ते दात घासणं आहे."

"मशेरी कशाची करता?"

दर रविवारी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर मीच तर भाजत होते. मला हसू आवरेना. डॉक्टरांनी मात्र आवरलं. "गोळ्या देतो. पण पेटका आणणारी ही मशेरी सुटली नाही, तर नुसत्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नका."

दुसऱ्या पहाटे तोंडात पेस्टचा फेस धरून मी घड्याळासमोर बसले. भीती वाटत होती. शेजारी सासूबाईंनी डबी उघडली, पण बोट दातांपाशी नेऊन त्याही घड्याळच बघत राहिल्या. पाच पन्नास. पंचावन्न. सहा वाजले तरी छातीत काही झालं नाही, आणि मी फेसासकट हसत सुटले.

"दुखतंय का गं?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"तू पडलीस तवा म्या लई भ्याले व्हते," त्या म्हणाल्या. "आण ती पेस्ट हिकडं."