पिवळ्या कार्डावरचं नाव

आपोलेना ह्रुबेशच्या काट्यावर आमच्या वस्तीत कुणी कधी संशय घेतला नाही. दहा पौंड म्हणजे दहा पौंड. तुकडा जरा जड भरला तर ती टोच्यानं कोपरा उडवायची, हलका भरला तर मूठभर चुरा टाकायची, आणि काटा हलायचा थांबेपर्यंत बादलीला कुणाला हात लावू द्यायची नाही.

"अगं मावशी, बर्फ तोलतेस की केशर?" रांगेतल्या बायका म्हणायच्या.

आपोलेनाला हसू यायचं नाही.

बाल्टिमोरच्या पूर्वेला आम्हा चेक लोकांच्या गल्ल्या होत्या. घरोघरी शिलाई मशीन, आणि मशीनशेजारी पाळणा. आपोलेना विधवा होती, पन्नाशीची, रुंद हाडाची. हिवाळाभर ती बंदरावर कालवं सोलायची. शिंपल्यांच्या धारेनं तिची बोटं कापून कापून दगडासारखी झाली होती. जून ते सप्टेंबर मात्र ती चर्चच्या शाळेखालच्या तळघरात असायची. तिथं ‘उन्हाळी बर्फ मंडळा’चं केंद्र होतं. शहरातल्या चार श्रीमंत घरच्या बायकांनी वर्गणी काढून ते चालवलं होतं. पहाटे गाडी यायची, आपोलेना चिमट्यानं लाद्या ओढून भुशात आणि गोणपाटात झाकायची, आणि दहाच्या आत सगळा बर्फ संपायचा.

बर्फ फुकट होता, पण सरसकट नव्हे. ज्या घरात बाटलीच्या दुधावरचं आजारी मूल असेल, त्याच घराला पिवळं कार्ड मिळायचं. कार्डावर मुलाचं नाव, पत्ता आणि खाली रकाने. रोज एका रकान्यात आपोलेना भोक पाडायची.

ती एवढी काटेकोर का, याचं एक कारण ती सगळ्यांना ऐकवायची. आदल्या वर्षी बंदराकडच्या केंद्रातला बर्फ दारूच्या गुत्त्यात सापडला होता. वर्तमानपत्रात छापून आलं, वर्गणी देणाऱ्यांनी हात आखडले, आणि भर ऑगस्टमध्ये केंद्राला कुलूप लागलं. त्या आठवड्यात तिकडच्या चर्चमधून किती छोट्या शवपेट्या निघाल्या ते ती बोटांवर मोजून दाखवायची.

दुसरं कारण ती सांगत नसे. अठरा वर्षांपूर्वी एकाच ऑगस्टमध्ये तिचा मात्येय आणि तिची आनेश्का, दोघंही उन्हाळी हगवणीनं गेली होती. सकाळचं दूध दुपारपर्यंत नासायचं. बर्फाची गाडी गल्लीतून जायची ती खाटकाकडे आणि गुत्त्याकडे. आपोलेना ओंजळ पसरून त्या गाडीमागं धावायची, खाली पडलेले तुकडे वेचायची. घरी पोचेपर्यंत ओंजळीत पाणी.

त्या वर्षी जुलै असा तापला की लोक गच्चीवर, पायऱ्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं झोपू लागले. फिलोमेना झायिट्स तेव्हा रोज यायची. तिचा नवरा शिंप्याच्या कारखान्यात इस्त्री मारायचा. पोरगा वोयतेख सात महिन्यांचा. फिलोमेना अबोल होती, पण पोराचं विचारलं की तोंड उघडायची.

"काय म्हणतो तुझा पहिलवान?"

"दूध टिकतंय पोटात, मावशी. काल हसला."

मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. आपोलेनानं विचारलं, तर "बरं आहे" एवढंच म्हणून बादली उचलून गेली. गर्मीनं कुणाची झोप होत नव्हती. आपोलेनाच्या मनात काही आलं नाही.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी महिन्यात गेलेल्यांची नावं वाचली. यादी लांब होती. "वोयतेख झायिट्स, वय सात महिने," असं ऐकू आलं आणि आपोलेनाच्या हातातली माळ थांबली. तारीख ऐकून तिनं हिशेब केला. पोरगं जाऊन बारा दिवस झाले होते. तो एक न आलेला दिवस सोडला तर फिलोमेना रोज आली होती, आणि रोज आपण स्वतःच्या हातानं कार्डाला भोक पाडलं होतं. पुढची प्रार्थना तिच्या कानात शिरलीच नाही. तिला एकच दिसत होतं: गुत्ता, वर्तमानपत्र, कुलूप.

सोमवारी तिनं मुद्दाम फिलोमेनाला रांगेत शेवटी ठेवलं, दहा पौंड तोलून दिले, आणि ती निघाल्यावर तळघर बंद करून तिच्या मागं गेली. फिलोमेना स्वतःच्या घराकडे वळलीच नाही. गुत्त्याच्या दाराशी आली तेव्हा आपोलेनानं श्वास रोखला. पण ती तसंच पुढं चालत एका बोळात शिरली, आणि मागच्या अंगणातल्या लाकडी खोलीत गेली. आपोलेना दारात जाऊन उभी राहिली.

आत एकोणीस-वीस वर्षांची मुलगी मशीनवर विजारी शिवत होती. पायाशी लोण्याचं रिकामं लाकडी खोकं, त्यात ओल्या फडक्यावर एक तान्ही पोर. फिलोमेना गुडघ्यांवर बसून दुसऱ्या एका खोक्यात, दुधाच्या बाटल्यांभोवती, बर्फ रचत होती. ती दचकली नाही.

"दार लाव, मावशी. गरम हवा येतेय आत."

आपोलेनानं दार लावलं. "वोयतेख गेला, आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर कार्ड काढून घेतलं असतंस."

"घ्यावंच लागतं. नियम आहे तसा."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मशीन थांबलं. मुलीचं नाव योहाना. "माझ्यामुळं झालं हे," ती म्हणाली. "मी गेले होते कार्ड मागायला. मंडळाच्या बाईंनी लग्नाचा दाखला मागितला. आता तो कुठून आणू? ज्याच्याबरोबर लग्न व्हायचं, तो जहाजावर चढून गेला."

"मागच्या आठवड्यात हिनं डोळे पांढरे केले होते," फिलोमेना म्हणाली. "आता बघ, बोट दे हिच्या हातात. दे ना!"

आपोलेनानं बोट पुढं केलं. पोरीनं ते धरलं. पकड चांगली होती. नाव तेरेझ्का.

"तुझं स्वतःचं दुःख एवढं, आणि ही उठाठेव कशाला गं?" आपोलेनाचा आवाज आपोआप खाली आला.

"सकाळी उठून बादली घेते आणि बाहेर पडते, मावशी. नाही पडले तर त्या खोलीत बसून काय करू मी?"

आपोलेनाचं बोट अजून पोरीच्या मुठीत होतं. पण भीती तिला सोडत नव्हती. शेवटी म्हणाली, "हे वर कळलं ना, तर नुसतं तुझं कार्ड नाही, सगळं केंद्र जाईल. कार्ड दे इकडं. हिच्या नावाचं कार्ड मी आणून देते. सरळ मार्गानं."

"तो मार्ग हिला बंद आहे, आत्ताच सांगितलं ना तिनं?"

"माझं ऐकतील. चार उन्हाळे झाले, एक तोळा इकडचा तिकडं केला नाही मी."

फिलोमेनानं पोलक्यातून पिवळं कार्ड काढलं. वोयतेखच्या नावावरून एकदा अंगठा फिरवला आणि ते देऊन टाकलं.

त्याच दुपारी आपोलेना काळी टोपी घालून मंडळाच्या मिस हॉलोवेलकडे गेली. मिस हॉलोवेल काही वाईट नव्हती. कडक उन्हात ती स्वतः जिने चढून घरं तपासायची. एकदा चक्कर येऊन पडलीही होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"मिसेस ह्रुबेश, कार्ड समिती देते. बिनलग्नाच्या आईला समिती देणार नाही, मी दोनदा भांडून बघितलंय. पण बाळाला लगेच बर्फ, दूध, डॉक्टर, सगळं मिळेल अशी एक जागा आहे. शहराबाहेर टेकडीवर, बालकांचा आश्रम. मी उद्या कागद घेऊन येते."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आपोलेनानं तळघरातल्या जमिनीवरचा चुरा एप्रनमध्ये गोळा करून योहानाकडे नेला. खाली सांडलेला चुरा तोलात धरत नसत, म्हणजे नियम मोडत नव्हता. पण नऊ गल्ल्या पार करेपर्यंत एप्रन नुसता ओला व्हायचा. बाटल्यांमधलं दूध फाटलं. मंगळवारी दुपारी मिस हॉलोवेल आली तेव्हा तेरेझ्का पुन्हा मान टाकून पडली होती, आणि योहाना सातूचं पाणी चमच्यानं तिच्या ओठांना लावत होती.

योहानाला इंग्रजी येत नव्हतं. आपोलेनाचं इंग्रजी कालवं सोलता सोलता कानावर पडलेलं. मिस हॉलोवेल सावकाश म्हणाली, "ते तिला ठेवून घेतील, ती बरी राहील."

आपोलेनानं ते योहानाला चेकमध्ये सांगितलं, "बरी होईपर्यंत ठेवून घेतील."

"कागदावर तसंच लिहिलंय का मावशी? तू वाचलंस?"

"मला वाचता कुठं येतं? पण बाईंनी आत्ता तोंडानं सांगितलं ना."

योहानानं सही केली. फिलोमेना दाराशी उभी होती. मिस हॉलोवेल पोरीला पांढऱ्या शालीत गुंडाळून घोडागाडीत बसेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग रिकामी बादली उचलून घरी गेली.

उन्हाळाभर आश्रमात कुणाला भेटू देत नव्हते. साथ पसरते म्हणून. योहाना दर रविवारी टेकडीपर्यंत जायची, फाटकाशी चौकशी करायची. "बरी आहे" एवढं तिला कळायचं, तेवढं इंग्रजी ती शिकली होती. सप्टेंबरात हवा उतरली, तळघर बंद झालं. एक दिवस योहाना आपोलेनाच्या दारात आली. केस नीट विंचरलेले, हातात नवं लोकरीचं टोपडं.

"मावशी, चल ना माझ्याबरोबर. तिला आणायचंय. तू असलीस म्हणजे नीट बोलता येईल."

दोघी ट्रामनं गेल्या, टेकडी चढल्या. आश्रमाच्या मुख्य बाईंनी मोठी वही उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ बोलल्या. मग एक कागद काढून समोर ठेवला. खाली योहानाची सही.

"काय म्हणतात?" योहानानं विचारलं.

आपोलेना तुटक तुटक सांगू लागली. "जिवंत आहे. वजन वाढलंय. एका शेतकऱ्याच्या घरी दिलीय, त्यांना मूलबाळ नाही. ताजं दूध मिळतं."

"आणि?"

"आणि… परत देणार नाहीत. त्या कागदात तसं होतं."

"कुठला शेतकरी?"

आपोलेनानं विचारलं. मुख्य बाईंनी वही मिटली.

योहाना टोपड्याच्या नाड्या बोटाला गुंडाळत बसली. ट्राममध्ये अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाली, "मावशी, तुझं इंग्रजी एवढंच होतं, तर सांगायचं होतंस गं."

आपोलेना दुसऱ्या दिवशी मिस हॉलोवेलकडे गेली. ऐकताना मिस हॉलोवेलचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं, तिला समजलंय. तुम्ही होतात ना सांगायला." तिनं पत्रं लिहिली, समितीतल्या एका वकिलाला गाठलं. आश्रमाकडून उत्तर आलं की कागद रीतसर आहे. थंडी पडायच्या आत योहाना मशीन विकून दुसऱ्या शहरात निघून गेली. कुठं, ते फिलोमेनाला माहीत असावं. तिनं आपोलेनाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी फिलोमेनाला मुलगी झाली आणि ती परत रांगेत उभी राहू लागली. कार्ड पुढं करायची, भोक पाडून घ्यायची, बादली उचलायची. पोरीचं कसं आहे हे आपोलेनानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

बाकी बायकांना एकच फरक दिसला. पूर्वी दवाखान्यात, कारखान्यात, घरमालकाकडे बोलायला त्या आपोलेनाला घेऊन जायच्या. आता कुणी "मावशी, जरा त्या साहेबांना समजावून सांग ना" म्हणालं, की ती म्हणायची, "मला इंग्रजी येत नाही." चारचौघांत म्हणायची. बायकांना वाटलं, म्हातारी चढेल झाली. "मंडळाच्या बायकांशी बोलताना बरं येतं हिला," त्या तिच्या पाठीमागं म्हणायच्या. तिच्या कानावर ते जायचं.

अजून तीन उन्हाळे तिनं तळघर सांभाळलं. मग किल्ली परत केली. नवी बाई सैल हातानं तोलायची. रांगेत हसणं-खिदळणं वाढलं. आपोलेना उन्हाळ्यातही बंदरावरच्या डबाबंद मालाच्या कारखान्यात जाऊ लागली, टोमॅटो सोलायला.

रविवारी ती कधी कधी ट्रामनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायची. तिथून पुढं शेतं सुरू व्हायची. रस्त्याकडेला उभी राहून ती अंगणात खेळणाऱ्या चार-पाच वर्षांच्या पोरी बघायची. तेरेझ्काला तिनं खोक्यात निजलेलं पाहिलं होतं, त्या दोन दिवसांत, तेवढंच. समोर येऊन उभी राहिली असती तरी ओळखता आली नसती. एखादी बाई दारात येऊन विचारायची, काय पाहिजे? आपोलेना मान हलवायची, आणि आलेल्या ट्रामनं परत जायची.