रिपोर्ट कुठून फुटत होते

भिलाईजवळच्या जामुलच्या, साखरपुडा झालेल्या एका मुलीचा रक्ताचा रिपोर्ट तिच्या होणाऱ्या सासरी पोचला आणि लग्न मोडलं. रिपोर्ट होता कोहक्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा. तिथे काउंटरवर बसायची माझी मावसबहीण, त्यामुळे सगळ्यांचा संशय तिच्यावर गेला. तिला ती नोकरी मीच मिळवून दिली होती. मी भिलाईतल्या दुकानांची, दवाखान्यांची सॉफ्टवेअरं सांभाळते, म्हणून लॅबच्या डॉक्टरसाहेबांनी मलाच बोलावलं.

"कोण फोडून राहिलं, तेवढं शोधा," दार लोटून ते म्हणाले. "तुमच्या बहिणीले सध्या घरी बसवलं आहे."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिनं चहा दिला, पण समोर बसली नाही.

"तुले बी वाटते का मीच सांगितलं?"

"मी कुठं म्हणली तसं?"

"म्हणली नाहीस. पण मघाशी माझा फोन वाजला, तर कोणाचा आहे ते कावून वाकून पाहून राहिली होती?"

मी अर्धा चहा तसाच ठेवून निघाले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः काउंटरवर बसले. रक्त काढणारा टेक्निशियन फोनवर हळू बोलू लागला की माझे कान टवकारायचे. झाडूवाली बाई प्रिंटरजवळ जरा रेंगाळली तरी मी मान वळवून पाहायचे. दुपारी स्टील प्लांटच्या सेक्टर वसाहतीतल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. घरून लॅबच्या वेबसाइटवर नाव आणि पावतीचा नंबर टाकूनही त्यांचा रिपोर्ट उघडतच नव्हता. त्यांच्या ख्रिस्ती आडनावात एक ॲपॉस्ट्रॉफी होती, म्हणजे अक्षरांच्या वर लटकणारा स्वल्पविराम. मी ते आडनाव टाकलं, तर रिपोर्टऐवजी, सगळे रिपोर्ट साठवणाऱ्या डेटाबेसची लांबलचक इंग्रजी तक्रार आली. आडनाव नेमकं त्या चिन्हापाशी तुटलं होतं.

मी वेबसाइटचा प्रोग्रॅम उघडून पाहिला. आधीच्या प्रोग्रॅमरनं, तो केव्हाच शहर सोडून गेला होता, चौकटीत लिहिलेलं नाव जसंच्या तसं डेटाबेसला द्यायच्या हुकमात जोडून दिलं होतं. ते चिन्ह आलं की डेटाबेस समजायचा, नाव संपलं. त्यापुढचं सगळं तो हुकूम म्हणूनच वाचायचा.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन, त्यांच्यासमोर, मी माझ्या मोबाईलवर नावाच्या जागी ते चिन्ह टाकलं आणि पुढे 'एक बरोबर एक'सारखी, नेहमी खरीच ठरणारी एक अट लिहिली. ती अट सगळ्यांनाच लागू पडली आणि एकाखाली एक सगळ्यांचे रिपोर्ट उघडले. त्यात त्यांचा स्वतःचा शुगरचा रिपोर्टही होता.

ते मोबाईलकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे.

"हे तुमाले कसं काय जमते?"

"ज्याला येतं त्याला घरबसल्या जमतं, साहेब. काउंटरवर बसायची गरज नाही."

"मग तुम्ही याच्या आधी कधी..."

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. बहिणीला काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

आधी मी ते पान बंद केलं. मग एकेक हुकूम नव्यानं लिहिला. आता हुकूम आधी जातो, त्यात नावाच्या आणि नंबरच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह असतं. पेशंटनं लिहिलेलं मागून, वेगळं जातं. त्यात कुठलंही चिन्ह असो, डेटाबेस त्याला फक्त नाव समजतो, त्याचा हुकूम होत नाही. शिक्षिकाबाईंचा रिपोर्ट उघडला. माझी अट पुन्हा टाकून पाहिली, तर 'रिपोर्ट सापडला नाही' एवढंच आलं.

वेबसाइटच्या नोंदीत त्या मुलीचा रिपोर्टही याच वाटेनं बाहेरून उघडलेला दिसला, पण कुणी ते मात्र कळलं नाही. डॉक्टर स्वतः जामुलला जाऊन मुलीच्या वडिलांची माफी मागून आले. लग्न काही पुन्हा जुळलं नाही. बहिणीला त्यांनी परत या म्हणून फोन केला, पण तिनं सुपेल्यात एका चष्म्याच्या दुकानात काम धरलं होतं.

"आता तर सिद्ध झालं ना, तुझी चूक नव्हती?" मी म्हटलं.

"तुह्या कॉम्प्युटरले माहीत आहे," ती म्हणाली. "लॅबमंदी येणाऱ्या लोकायले कोण सांगत फिरन?"