गेममधला आजारी वाटसरू

मंडळी, आज माझ्या आठ वर्षांच्या ईराने मला बरोबर पकडलं.

लॉकडाऊनमुळे ती घरीच व्हिडिओ गेम खेळत होती. गेममध्ये ती गावाची प्रमुख. एका आजारी वाटसरूला आत घ्यायचं की हाकलायचं? तिने हाकललं.

"अगं, किती दुष्टपणा!" मी म्हटलं.

"बट आई, यू डिड द सेम विथ सोफी!"

सोफी खालच्या मजल्यावरची. सकाळी खेळायला आली, पण खोकत होती. ईराच्या बाबांना दमा आहे. मी घाबरून "घरी जा" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी लाडू घेऊन खाली गेले. तिची आई समजुतीने हसली. सोफी मात्र बाहेर आलीच नाही.

दार लावणं चूक नव्हतं. पण दोन शब्द प्रेमाने बोलले असते तर?

ईराला काय सांगू, तुम्हीच सांगा.