पेन्सिलीनं लिहिलेलं ‘वय जास्त’

कीलुंग बंदरावर माशांचे गोळे वळण्यात बावीस वर्षं घालवलेली त्साय-युन मावशी छप्पन्नाव्या वर्षी बेकार झाली. कारखानाच बंद पडला. दुसऱ्या कारखान्यात माणसं हवीत असं कळलं, म्हणून ती अर्ज घेऊन गेली. तिथला व्यवस्थापक लाय अर्ज चाळून म्हणाला, “मावशी, या वयात नातवंडं खेळवायची सोडून इकडे कुठं?”

“नातवंडं? आधी नवरा तर शोधून दे!” मावशीनं लग्नच केलं नव्हतं.

लायनं हसत हसत अर्जावर पेन्सिलीनं ‘वय जास्त’ असं खरडलं आणि तो परत दिला. तिथंच तो फसला. मावशीनं तोच कागद शहराच्या कामगार कार्यालयात नेऊन ठेवला.

तिथल्या जिआनबाई तक्रार लिहून घेत म्हणाल्या, “आधी चौकशी, मग समेटाचा प्रयत्न. नाहीच जमलं तर समितीपुढे सुनावणी.”

“तोवर मी सत्तावन्नची होईन. म्हणजे भेदभाव आणखी पक्का!”

जिआनबाईंनी कारखाना पाहिला, दोघांचे जबाब घेतले. समेटाच्या दिवशी लाय अननसाच्या केकचा डबा घेऊन आला. मावशीनं दोन केक खाल्ले, चहा घेतला, तोंड पुसलं.

“मग मिटलं ना?” लायनं विचारलं.

“केक संपले. तक्रार आहे तशीच आहे.”

प्रकरण सुनावणीला गेलं. समितीचे पाच जण ओळीनं बसले होते. लायनं नवंच कारण काढलं. “वयाचा प्रश्न नाही. आमची माल ठेवायची फळी उंच आहे, यांचा हात पोचणार नाही.”

“तुमचा पोचतो?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“अगदी सहज!”

“मग दोघं जरा शेजारी उभे राहा.”

मावशी दोन बोटं उंच भरली. एका सदस्यानं फाईलमध्ये तोंड खुपसलं.

“माझ्या चपलेला टाचसुद्धा नाही हं,” मावशी म्हणाली.

दोन महिन्यांनी निकाल आला: वयावरून भेदभाव झाला, कारखान्याला दंड. मावशीनं जिआनबाईंना फोन लावला. “दंड मला कधी मिळणार?”

“तो सरकारजमा होतो, मावशी.”

“वा! अपमान माझा आणि कमाई सरकारची!”

पुन्हा दंड नको म्हणून पुढच्याच आठवड्यात लायनं तिला कामावर बोलावलं. पहिल्याच दिवशी तिनं एक गोळा चाखला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “यात मासा कुठं आहे रे? नुसतं पीठ!”

लाय म्हणाला, “मावशी, हळू बोला,” आणि मुकाट्यानं माशाचं प्रमाण वाढवायला सांगून आला.