हेलिकॉप्टर निघालं आहे

आमची पोस्ट अठरा हजार फुटांवर होती. आठ माणसं, दोन तंबू, एक रेडिओ सेट. मी नाईक, सिंदी मेघेचा. लान्स नाईक प्रभाकर जामजवळचा, शेतकरी घरातला. दोघंच वर्ध्याकडचे, म्हणून आपसात वऱ्हाडीत बोलायचो. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं, मग बर्फ उपसणं, स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करणं. रोज तेच.

एका मंगळवारी सकाळी प्रभाकरला खोकला लागला. दुपारी थुंकीत गुलाबी फेस आला. फुप्फुसात पाणी भरत होतं. इलाज एकच, त्याला खाली नेणं. बाहेर हिमवादळ होतं. मी शेजारच्या तंबूत सेटवर जाऊन खालच्या बेसकडे हेलिकॉप्टर मागितलं.

"मौसम खराब है. चॉपर नहीं उड़ेगा. वेट करो. ओव्हर."

डॉक्टर सेटवर म्हणाले, चोवीस तास कठीण आहेत.

मी परत आलो. "हेलिकॉप्टर निघालं."

"खरं?"

"खरं. तू फक्त श्वास घेत राह्य."

तो उठून बसला. दोन चमचे सूप प्याला. बुधवारी उत्तर तेच, गुरुवारीही तेच. मी दर वेळी नवीन काहीतरी सांगायचो.

"दादा, कुठवर आलं?"

"खालच्या बेसवर तेल भरून राह्यलं."

"मंग येतेच," तो हसून म्हणायचा. त्याचं हसू पाहिलं की मला पुढचे दोन तास काढता यायचे.

शुक्रवारी सकाळी सहा दहाला तो गेला. साडेनऊला आभाळ मोकळं झालं आणि चॉपर उतरलं.

त्याला चढवल्यावर आमचा रेडिओ ऑपरेटर माझ्याजवळ आला. "सेटचा आवाज त्याच्यापर्यंत जात होता. पहिल्या दिवसापासून त्याला सगळं माहीत होतं. मला म्हणाला, दादाले सांगू नको. तो तेवढ्यावरच उभा आहे."

मी हातातला दोर गुंडाळत राहिलो.

सुट्टीवर आल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला, सुनीता वहिनींना, माझ्या खोट्यासकट सगळं सांगितलं.

"तीन दिवस तुमाले धीर देत राह्यले ते," त्या म्हणाल्या. "आता तुमी खचू नका, भाऊजी. येत जा."

निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. त्याच्या तिथीला मी जातो. फोटोला हार घालून वहिनी आणि मी ओसरीत बसतो. फोटोखाली लिहिलंय : लान्स नाईक प्रभाकर, वय एकोणतीस.